विरंगुळा केंद्र म्हणजे नुसता टाइमपास? ज्येष्ठांच्या आयुष्यात कट्टा, खेळ आणि छंदामुळे नेमकं काय बदलतं?

वसाहतीतला रिकामा हॉल ज्येष्ठ नागरिकांना द्यायचा विषय निघाला की बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'तिथे काय करणार, बसून पत्तेच खेळणार ना!' मग हॉल जिमला जातो, लग्नाच्या बुकिंगला जातो किंवा सरळ कुलूपबंद राहतो. ज्येष्ठांची करमणूक म्हणजे झाली तर बरी, नाही झाली तरी कुणाचं काही अडत नाही, असा आपल्याकडचा सर्वसाधारण समज आहे.

पण म्हातारपणी आयुष्य कसं जातं, हे फक्त बीपीच्या गोळ्या आणि पेन्शनवर ठरत नाही. दिवसभरात कुणाशी बोलणं झालं, हातपाय किती हलले, डोक्याला काही काम मिळालं का आणि उद्या सकाळी उठून जायला एखादी जागा आहे का, यावरही ते ठरतं. विरंगुळा केंद्रं, हास्यक्लब, भजनी मंडळं, ज्येष्ठ नागरिक संघ ही सगळी त्याच गरजेतून उभी राहिली आहेत. त्यांचा उपयोग नेमका काय, संशोधन काय सांगतं आणि आपल्या भागात असं काही सुरू करायचं तर काय लागतं, हे समजून घेऊया.

हा प्रश्न किती मोठा आहे?

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात ६० वर्षांवरच्या लोकांची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख होती. त्यातले साधारण १ कोटी ११ लाख लोक महाराष्ट्रात होते. संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी आणि मुंबईतली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ मध्ये हा आकडा १४ कोटी ९० लाखांवर गेला होता. २०५० पर्यंत तो ३४ कोटी ७० लाखांच्या घरात जाईल, असा अंदाज आहे. म्हणजे तेव्हा दर पाच भारतीयांमागे एक जण साठी ओलांडलेला असेल.

आज हा लेख फोनवर वाचणारी चाळिशीतली मंडळीही त्यातच असतील. त्यामुळे विषय फक्त आजी-आजोबांचा नाही.

निवृत्तीनंतर नेमकं काय हरवतं?

पगार थांबतो, हे सगळ्यांना दिसतं. पण त्यासोबत आणखी तीन गोष्टी जातात आणि त्यांची चर्चा होत नाही.

पहिली म्हणजे दिवसाची घडी. लोकलची वेळ, शाळेची घंटा, दुकान उघडायची वेळ अशा गोष्टींनी बांधलेला दिवस अचानक मोकळा होतो. दुसरी म्हणजे ओळख. काल 'गुरुजी', 'साहेब' किंवा 'सिस्टर' असलेला माणूस आज फक्त कुणाचे तरी बाबा किंवा आजी उरतो. तिसरी म्हणजे माणसं. सहकारी पांगतात, मुलं पुण्या-मुंबईला किंवा परदेशी असतात. जोडीदार गेला तर घरात बोलायलाही कुणी राहत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार जगात दर चार वृद्धांपैकी साधारण एक जण सामाजिकदृष्ट्या एकटा पडलेला आहे. या एकटेपणाचा संबंध हृदयविकार, पक्षाघात, नैराश्य आणि स्मृतिभ्रंश यांच्याशी जोडला जातो. २०२३ मध्ये संघटनेने याच विषयावर एक स्वतंत्र आयोग नेमला.

एक फरक मात्र लक्षात ठेवायला हवा. एकटं राहणं आणि एकटं वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकटी राहणारी, पण रोज संध्याकाळी भजनाला जाणारी बाई मजेत असू शकते. उलट सहा जणांच्या भरल्या घरात, सगळे आपापल्या फोनमध्ये असताना, आजोबा एकटे असू शकतात. त्यामुळे 'आमच्याकडे घरात माणसं आहेत, बाहेर जायची काय गरज?' हा युक्तिवाद टिकत नाही. घरच्यांची माया आणि बरोबरीच्या माणसांशी गप्पा, या दोन्ही वेगळ्या भुका आहेत.

संशोधन काय सांगतं?

मेंदूपासून सुरुवात करू. २००३ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये न्यूयॉर्कमधल्या ७५ वर्षांवरच्या ४६९ लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वाचन, पटावरचे खेळ, वाद्य वाजवणं आणि नृत्य यांत रमणाऱ्या लोकांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण कमी आढळलं. अर्थात, अशा अभ्यासाला मर्यादा असतात. छंदामुळे मेंदू टिकला की मेंदू शाबूत होता म्हणून छंद टिकला, हे त्यातून पूर्णपणे सुटं करता येत नाही. म्हणून 'रोज शब्दकोडं सोडवा आणि विस्मरण टाळा' असे फॉरवर्ड आले तर जरा सबुरीने घ्यावे.

तरीही दिशा स्पष्ट आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारे, पण बदलता येण्याजोगे १४ घटक सांगितले. त्यात सामाजिक एकटेपणा, शारीरिक हालचालींचा अभाव, नैराश्य, ऐकू कमी येणं आणि उपचार न झालेली कमजोर नजर यांचा समावेश आहे. आता या यादीकडे पुन्हा पाहा. चांगलं चाललेलं विरंगुळा केंद्र यातल्या पहिल्या तीन घटकांवर थेट काम करतं. शिवाय एखाद्याला ऐकू कमी येतंय किंवा दिसत नाहीये, हे बऱ्याचदा घरच्यांआधी तिथल्या मित्रांच्याच लक्षात येतं.

दुसरा मुद्दा पडण्याचा. म्हातारपणी न्हाणीघरात पाय घसरला, खुबा मोडला आणि माणूस अंथरुणाला खिळला, ही गोष्ट घरोघरी ऐकलेली असते. २०१९ मध्ये 'कॉक्रेन' या संस्थेने १०८ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांत २३ हजारांहून जास्त ज्येष्ठ सहभागी होते. नियमित व्यायामामुळे पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी होतं, असा त्याचा निष्कर्ष होता. यात सगळ्यात उपयोगी ठरले ते तोल सावरण्याचे व्यायाम.

जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांवरच्या लोकांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम स्वरूपाची हालचाल, किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम आणि किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम सुचवते. नुसतं बागेत चालणं पुरेसं नाही, ते यासाठीच.

तिसरा मुद्दा फारसा बोलला जात नाही, तो म्हणजे निवडीचा. १९७६ मध्ये एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात प्रयोग केला. एका गटाला सांगण्यात आलं की तुमचे निर्णय तुम्हीच घ्यायचे. त्यांना रोपटं निवडायला दिलं आणि त्याची निगाही त्यांच्यावरच सोपवली. दुसऱ्या गटालाही रोपं दिली, पण पाणी घालायचं काम कर्मचाऱ्यांकडे ठेवलं. तीन आठवड्यांनी पहिल्या गटातले लोक जास्त आनंदी आणि जास्त हालते-बोलते दिसले. गट लहान होता, पण धडा मोठा आहे. वृद्धांसाठी सगळं आपणच करून द्यायचं, ही काळजी कधीकधी त्यांना निष्क्रिय करते.

महाराष्ट्रात काय काय चालतं?

या बाबतीत महाराष्ट्राला मोठी परंपरा आहे. गावोगावची भजनी मंडळं, हरिपाठ, पारावरच्या गप्पा, वारी, श्रावणातली मंगळागौर हे सगळं 'अ‍ॅक्टिव्हिटी प्रोग्रॅम' हा शब्द येण्याआधीपासूनच आहे. भजनात पाठांतर आहे, ताल आहे, सूर आहे आणि ठरलेल्या वारी भेटणारी माणसंही. झिम्मा-फुगडीत हातपाय, दम आणि तोल तिन्हींचा कस लागतो. साठी ओलांडलेल्या बायकांचे मंगळागौरीचे हौशी गट आज शहरांत ठिकठिकाणी दिसतात.

शहरांमध्ये ज्येष्ठ नागरिक संघ उभे राहिले. राज्यभरातल्या अशा संघांना जोडणारा महासंघ 'फेस्कॉम' या नावाने ओळखला जातो. नवी मुंबई, पुणे, ठाणे अशा शहरांत महापालिकांच्या जागेत विरंगुळा केंद्रं चालतात. वर्तमानपत्रं, कॅरम, बुद्धिबळ, वाढदिवस, व्याख्यानं आणि वर्षातून एखादी सहल, हा तिथला नेहमीचा साचा.

हास्यक्लबची सुरुवातही महाराष्ट्रातलीच. १९९५ मध्ये डॉ. मदन कटारिया यांनी मुंबईतल्या एका बागेत अवघ्या पाच जणांना घेऊन हा प्रयोग केला. आधी विनोद सांगून हसवायचे. पण थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले. तेव्हा विनोदाशिवाय, मुद्दाम हसायचा मार्ग निघाला. खोटं हसू एकमेकांकडे बघताना खरं होतं, हे लोकांनी अनुभवलं आणि ही कल्पना पुढे जगभर गेली. मे महिन्याचा पहिला रविवार आता जागतिक हास्य दिन म्हणून पाळला जातो.

आणखी एक उदाहरण ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावाचं. शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकारातून ८ मार्च २०१६ रोजी इथे आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून साठी ते नव्वदीतल्या आज्या शाळेत येऊ लागल्या. पोथी वाचता यावी, अंगठ्याऐवजी सही करता यावी, ही त्यांची साधी इच्छा होती. शाळेची वेळ दुपारची ठेवली, कारण सकाळ-संध्याकाळ आज्यांना घरची आणि शेतातली कामं असतात. फ्रान्समधल्या तुलूझ इथे १९७३ मध्ये ज्येष्ठांसाठीचं पहिलं 'तिसऱ्या वयाचं विद्यापीठ' सुरू झालं होतं. फांगण्यातल्या शाळेमागचा विचार त्याच जातकुळीतला आहे. शिकायला वय लागत नाही, वेळ आणि मान लागतो.

पण कट्ट्यावर कोण दिसत नाही?

कुठल्याही ज्येष्ठ नागरिक कट्ट्यासमोरून जाताना एकदा मोजून पाहा. बहुतेक ठिकाणी पुरुष जास्त दिसतील. बायका तुलनेने आयुष्यमान जास्त असूनही आणि वैधव्यामुळे एकट्या राहण्याची शक्यता जास्त असूनही कमी दिसतात.

कारण साधं आहे. पुरुष निवृत्त होतो, बाई होत नाही. सत्तरीतल्या आजीला सकाळी नाश्ता, दुपारी शाळेतून येणारा नातू आणि संध्याकाळी स्वयंपाक असतोच. संध्याकाळी सहाचा कार्यक्रम तिच्यासाठी नसतोच मुळी. त्याला 'या वयात कुठे जायचंय नटून?' या प्रश्नाची भर पडते.

दुसरे न दिसणारे लोक म्हणजे पेन्शन नसलेले. घरकाम करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, शेतमजुरी करणाऱ्या ज्येष्ठांना विरंगुळा ही चैन वाटते, कारण त्यांचं काम अजून चालूच आहे. तिसरे म्हणजे ज्यांना कमी ऐकू येतं. जागतिक आरोग्य संघटनेनुसार साठीपुढच्या २५ टक्क्यांहून अधिक लोकांना ऐकण्याची गंभीर अडचण आहे. चारचौघांत बोलणं कळत नाही, लोक हसले की आपणही उगाच हसायचं, त्यापेक्षा नकोच जायला, असं म्हणून ते हळूहळू घरी बसतात. चौथे म्हणजे ज्यांना दोन जिने उतरता येत नाहीत किंवा तासाभरात लघवीला जावं लागतं. केंद्राला स्वच्छतागृह नसेल, तर या लोकांसाठी त्याचं दार बंदच आहे.

म्हणून कार्यक्रम यशस्वी आहे का, हे हॉल भरला की नाही यावरून ठरवू नये. जे येत नाहीत ते का येत नाहीत, हे कुणी विचारलं का, यावरून ठरवावं.

चांगल्या कार्यक्रमात काय असतं?

साधारण आठवड्याचा आराखडा करताना पाच प्रकार मिसळले तर सगळ्यांना काही ना काही मिळतं.

- शरीरासाठी: चालणं, प्राणायाम, खुर्चीवर बसून करायचे व्यायाम, खुर्चीचा आधार घेऊन एका पायावर उभं राहणं, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं.
- डोक्यासाठी: बुद्धिबळ, रमी, कॅरम, शब्दकोडी, गाण्याच्या भेंड्या, एखाद्या बातमीवर चर्चा.
- हातांसाठी: विणकाम, बागकाम, आकाशकंदील, गोधडी, रांगोळी, दुरुस्तीची कामं.
- मनासाठी: भजन, नाट्यवाचन, जुनी गाणी, अभिवाचन, सहल.
- इतरांसाठी: शाळेतल्या मुलांना गोष्टी सांगणं, वाचनालय चालवणं, नव्या सभासदाला फोन करणं.

पाचवा प्रकार बहुतेक ठिकाणी राहून जातो. पण आपली कुणाला तरी गरज आहे, ही भावना करमणुकीपेक्षा जास्त काळ पुरते. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात सुरू झालेल्या 'मेन्स शेड'मध्ये निवृत्त पुरुष एकत्र येऊन सुतारकाम, दुरुस्ती करतात. 'मन मोकळं करा' म्हटलं की गप्प बसणारे पुरुष शेजारी उभं राहून लाकूड तासताना सहज बोलतात, हे त्यामागचं तत्त्व आहे. आपल्याकडच्या निवृत्त फिटर, शिंपी, इलेक्ट्रिशियन मंडळींना ही कल्पना लगेच पटेल.

फोन शिकवण्याचा वर्गही आज गरजेचा आहे. व्हिडिओ कॉल, यूपीआय, एसटीचं तिकीट आणि त्यासोबत 'डिजिटल अरेस्ट'सारख्या फसवणुकी कशा ओळखायच्या, हे एकमेकांकडून शिकलं की लाज वाटत नाही.

विस्मरण असलेल्यांचं काय?

स्मृतिभ्रंश झाला म्हणजे विरंगुळा संपला, असं नाही. नाव विसरलेला माणूस तरुणपणीचं गाणं मात्र ओळीने म्हणतो, हे अनेक घरांनी पाहिलं आहे. अशा व्यक्तीसाठी जुने फोटो, ओळखीची गाणी, शेंगा सोलणं, कपड्यांच्या घड्या घालणं अशी लहान आणि सवयीची कामं निवडावीत. एकच नियम पाळायचा, परीक्षा घ्यायची नाही. 'सांगा बरं, मी कोण?' असं विचारण्याऐवजी 'मी तुमची सुनबाई, आज आपण मटार सोलूया' असं म्हटलं की समोरचा माणूस ओशाळत नाही.

काळजी कुठे घ्यायची?

नवा व्यायाम सुरू करण्याआधी हृदयविकार, सांधेरोपण किंवा चक्कर येण्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारावं. छातीत दुखलं, धाप लागली, गरगरलं तर तिथेच थांबावं. जमीन घसरडी नको, खुर्च्या हाताच्या हव्यात, कमोड हवा आणि भिंतीवर आपत्कालीन क्रमांक मोठ्या अक्षरात लावलेले हवेत.

आणखी एक धोका वेगळाच आहे. ज्येष्ठांची आयती गर्दी दिसली की 'मोफत तपासणी' किंवा 'आरोग्य व्याख्याना'च्या नावाखाली महागड्या गाद्या, यंत्रं आणि गुंतवणूक योजना विकणारे तिथे पोहोचतात. संघाने आपल्या व्यासपीठावर विक्री चालणार नाही, असा नियम लेखी करून ठेवावा.

सरकारी मदत कुठली?

महाराष्ट्रात ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या नागरिकांना एसटीचा प्रवास राज्यात मोफत आहे आणि ६५ ते ७५ वयोगटाला तिकिटात ५० टक्के सवलत आहे. खेड्यातल्या अनेक ज्येष्ठांसाठी देवदर्शन, लेकीचं गाव आणि जुने मित्र हाच विरंगुळा असतो, म्हणून ही सवलत नुसती प्रवासाची राहत नाही. २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. ६५ वर्षांवरच्या पात्र ज्येष्ठांना चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर अशा साधनांसाठी त्यात ३ हजार रुपये मिळण्याची तरतूद आहे. कट्ट्यावर न येण्याची जी कारणं वर सांगितली, त्यातली काही इथे सुटू शकतात.

याशिवाय देशभरातल्या ज्येष्ठांसाठी १४५६७ ही 'एल्डर लाइन' हेल्पलाइन आहे. माहिती, मार्गदर्शन, भावनिक आधार आणि छळाच्या तक्रारीसाठीही तिथे फोन करता येतो.

तुमच्या भागात सुरू करायचं असेल तर?

जागा मोठी नको. समाजमंदिर, देवळाचा सभामंडप, दुपारी रिकामी असणारी शाळेची खोली किंवा सोसायटीचं पार्किंगही चालतं. तळमजला, सावली, पाणी आणि स्वच्छतागृह या चार गोष्टी मात्र नक्की हव्यात. आठवड्यातून दोन दिवस, दीड तास, ठरलेल्या वेळी इतक्यापासून सुरुवात करा. दोन वेळा ठेवा, एक सकाळची आणि एक दुपारी तीनची. दुपारची वेळ ठेवली की बायका येतात.

कार्यक्रम तरुणांनी आखून वर टाळ्या वाजवायला ज्येष्ठांना बसवू नका. समिती त्यांचीच असू द्या आणि हिशेबाची वहीसुद्धा. सलग दोनदा कुणी आलं नाही तर तिसऱ्या दिवशी फोन करायची जबाबदारी एकाकडे द्या. एकट्या राहणाऱ्या माणसाच्या घरी काही बरंवाईट झालं, तर ते सगळ्यात आधी कळण्याची शक्यता या एका फोनमुळे वाढते.

आणि घरात आई-वडील किंवा सासू-सासरे असतील, तर त्यांना वाढदिवसाला पुन्हा शाल घेण्याआधी तीन प्रश्न विचारता येतील. तुम्हाला काय करायला आवडायचं? ते कधी सुटलं? आणि ते पुन्हा सुरू करायला तुमच्या कुठल्या कामातून तुम्हाला मोकळं करावं लागेल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं की त्यातलं एखादं काम त्याच आठवड्यापासून स्वतःकडे घ्या. बऱ्याच घरांत विरंगुळ्याची सुरुवात तिथूनच होते.